जाहिरातीत जे जाहीर नसतं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



विषय जाहिरातीच्या भाषेचा आहे, पण सुरुवात स्वयंपाकघरातून करू. आपल्यापैकी किती जणांच्या घरी निर्लेपचा तवा आहे, किंवा होता? हात वर करा. बरेच आहेत. असणारच, कारण हा उद्योग आपल्याच गावचा. १९६८ साली भोगले कुटुंबानं तो इथे सुरू केला आणि डोसा तव्याला न चिकटताही सुटू शकतो, हे कित्येक घरांना या नावामुळे पहिल्यांदा कळलं. २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सनं कंपनीतला मोठा हिस्सा घेतला, तरी तव्यावरचं नाव तेच राहिलं.

आता हे नाव जरा नीट बघा. निर्लेप. हा शब्द तव्यासाठी घडवलेला नाही. तो वेदान्तातला आहे. आत्मा निर्लेप असतो, त्याला कर्माचा डाग लागत नाही, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. गीतेच्या पाचव्या अध्यायात कमळाच्या पानाची उपमा आहे. पान पाण्यात राहतं, पण पाणी त्याला चिकटत नाही. ज्या आजीनं आयुष्यभर हरिपाठ म्हटला, तिला या तव्याचा गुण वेगळा समजावून सांगावा लागला नाही. शब्द तिच्या ओळखीचा होता, फक्त तो देव्हाऱ्यातून ओट्यावर आला. शाळेत याला आपण श्लेष म्हणतो. आणखी एक गंमत आहे. या तव्याला अन्न चिकटत नाही, कारण त्यावर लेप असतो! निर्लेप तव्याचं सगळं रहस्य त्या लेपात आहे. म्हणजे विरोधाभासही आला. एका शब्दात दोन अलंकार, आणि खोटं एकही नाही, कारण अन्न खरंच चिकटत नाही.

जाहिरातीत अनुप्रास असतो, यमक असतं, अतिशयोक्ती असते, हे सांगायला व्याख्यान कशाला हवं? दहावीच्या मुलालाही ते कळतं. मला सांगायचंय ते थोडं वेगळं आहे. जाहिरातीचा इतिहास हा बोललेल्या अर्थाकडून न बोललेल्या अर्थाकडे झालेला प्रवास आहे. कायदा या प्रवासात नेहमी एक मुक्काम मागे राहिला. आणि मागे राहिलेल्या त्या एका मुक्कामाची किंमत कुणीतरी मोजतं. ती कोण मोजतं, हे मला आज सांगायचंय.

शब्द जाहीर, अर्थ झाकलेला

आधी 'जाहिरात' हाच शब्द घेऊ. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. जाहीर म्हणजे उघड, दिसणारं. निजामाच्या काळात या शहरात 'इश्तेहार' हा शब्दही चालायचा. त्याचं मूळ आणि शोहरत या शब्दाचं मूळ एकच, म्हणजे त्यात प्रसिद्धी आली. दोन्ही शब्दांचा भर उघड करण्यावर आहे. पण आजची जाहिरात उघड सांगते ते थोडं, आणि तिचं काम होतं ते न सांगितलेल्या भागात. शब्द जाहीर आणि अर्थ झाकलेला, असा हा प्रकार.

हा झाकलेला अर्थ मोजायचं माप आपल्याकडे फार जुनं आहे. आपल्या काव्यशास्त्रानं शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या. पहिली अभिधा, म्हणजे कोशातला सरळ अर्थ. दुसरी लक्षणा. सरळ अर्थ लागू होत नाही तेव्हा आपण त्याच्या जवळचा अर्थ घेतो. शास्त्रातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे गंगेवर गौळवाडा. नदीच्या पाण्यावर वाडा बांधता येत नाही, म्हणून आपण गंगेच्या काठावर असं समजतो. तिसरी व्यंजना. इथे सरळ अर्थ लागू होतो, वाक्यात काही अडत नाही, पण त्यातून दुसराच अर्थ सुचतो.

व्यंजनेचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कुठलं आहे, ठाऊक आहे? आपल्या गोदावरीच्या काठचं! इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल या सातवाहन राजाच्या नावावर गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह आहे. त्यातल्या एका गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते की महाराज, आता खुशाल हिंडा, तुम्हाला भिववणारं ते कुत्रं गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहानं मारलं. बोलणं काय, तर या, निर्धास्त फिरा. अर्थ काय, तर इकडे पाऊल टाकू नका, कुत्र्याच्या जागी सिंह आलाय! ती झाडी तिच्या भेटीची जागा होती आणि हा बुवा तिथे मध्ये मध्ये यायचा. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला, तेव्हा वाच्यार्थ होकाराचा आणि व्यंग्यार्थ नकाराचा कसा असू शकतो हे दाखवायला त्यानं हीच गाथा घेतली. त्या बाईवर कुणी खटला भरला असता तर ती सुटली असती. ती खुशाल फिरा एवढंच तर म्हणाली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैठणचाच दुसरा दाखला एकनाथांचा. नाथांनी भारुडात कुणाकुणाला आणलं बघा. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या. एवढंच नाही, कचेरीतले कागदसुद्धा आणले. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र. सोळाव्या शतकातल्या माणसाच्या कानावर रोज पडणारी भाषा उचलायची आणि तिच्यावरून त्याला परमार्थाकडे न्यायचं, ही नाथांची युक्ती. जाहिरातीनं हाच रस्ता उलट्या दिशेनं धरला. परमार्थाची भाषा उचलायची आणि तिच्यावरून माणसाला बाजारात आणायचं. अमृत, संजीवनी, कल्पतरू, निर्लेप. दुकानांच्या पाट्या वाचत गुलमंडीवरून पैठण गेटपर्यंत चालत जा, अर्धा शब्दकोश देवळातून आलेला दिसेल.

हलगी आणि नांगर

आता इतिहासाच्या क्रमानं जाऊ. पहिला मुक्काम अभिधेचा. गावात हलगी वाजायची, दवंडी पिटणारा चौकात उभा राहायचा आणि ऐका हो ऐका म्हणून सुरू करायचा. बाजार कधी, लिलाव कुठे, सारा कधी भरायचा. त्याला अलंकाराची गरज नव्हती. सांगणारा ओळखीचा, ऐकणारा समोर. चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी लोक त्याच्या दारात.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं आणि मराठीत छापील वर्तमानपत्राचं युग सुरू झालं. छापील जाहिरातीत सांगणारा दिसत नाही. तो मुंबईत असतो, वाचणारा खेड्यात असतो. दारात जाऊन जाब विचारण्याची सोय गेली. जिथे समोरासमोर गाठ नाही, तिथे विश्वास भाषेतूनच उभा करावा लागतो. जाहिरातीत अलंकार वाढण्याचं हे मला मूळ कारण वाटतं.

पण हा विश्वास खरेपणानंही उभा करता येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवायला घेतला. शेतकरी तो घेईना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं गेल्याचं सांगतात. आता विचार करा, या माणसाला अनुप्रास जुळवून काय उपयोग झाला असता? त्याला समजूत बदलायची होती, आणि ती वापरूनच बदलणार होती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' काढली. मूळ हेतू कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेण्याचा. म्हणजे ती जाहिरातच होती. पण ती वाचता वाचता मासिक झाली, 'किर्लोस्कर' म्हणून घराघरात गेली. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या, त्यांचा उगम एका नांगराच्या माहितीपत्रकात आहे. जाहिरात आणि साहित्य यांचं नातं फक्त फसवणुकीचं नाही, हे सांगायला मला हे उदाहरण पुरतं.

१९५४: खोटं कुठे धरायचं?

त्याच काळात वर्तमानपत्रांच्या दुसऱ्या पानांवर वेगळाच कारभार चालू होता. मर्दानगीची औषधं, अपत्यप्राप्तीचे ताईत, कुठलाही रोग बरा करणाऱ्या गोळ्या. इथे अतिशयोक्ती करमणुकीसाठी नव्हती. आजारी माणूस ती वाक्यं अभिधेनं वाचत होता, खरी मानून पैसे पाठवत होता. म्हणून १९५४ मध्ये संसदेनं औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. ठरावीक रोगांवर इलाजाची जाहिरात करायलाच बंदी घातली. या कायद्याची भाषा मला फार महत्त्वाची वाटते. औषधाच्या खऱ्या स्वरूपाबद्दल प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे चुकीचा समज करून देणारी जाहिरातही त्यानं गुन्हा ठरवली. अप्रत्यक्षपणे! म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना व्यंजना ठाऊक होती.

या कायद्याला हमदर्द दवाखान्यानं आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९५९ मध्ये लागला. न्यायालयानं कायद्यातला काही भाग रद्द केला, पण एक तत्त्व मांडलं. जाहिरात हा अभिव्यक्तीचा प्रकार असला, तरी निव्वळ व्यापारासाठी केलेल्या औषधाच्या जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचं कवच मिळणार नाही. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात याच न्यायालयानं व्यापारी भाषणालाही संविधानाच्या कलम १९(१)(अ) चं संरक्षण आहे असं सांगितलं. जाहिरात ही फक्त विकणाऱ्याची हाक नाही, घेणाऱ्याला मिळणारी माहितीही आहे, असा त्यामागचा विचार. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळतं, माहिती आणि भुरळ एकाच वाक्यात नांदतात. त्यांना वेगळं करायचं काम सोपं नाही.

औषधांपुरतं हे झालं. इतर मालाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी १९८४ ची मक्तेदारी कायद्यातली दुरुस्ती यावी लागली, मग १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा. १९८५ मध्ये जाहिरात व्यवसायानं स्वतःची मानक परिषदही स्थापन केली. तिच्या आचारसंहितेत एक मजेदार सूट आहे. बघणाऱ्याला विनोद किंवा अतिशयोक्ती म्हणून उघड कळणारं असत्य चालेल. चहा प्यायल्यावर माणूस हवेत उडाला, तर कुणी तक्रार करू नये. म्हणजे अतिशयोक्ती हा अलंकार नियमानं मान्य झाला, अट एकच, तो अलंकार आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

'हमारा' कुणाचा?

दुसरा मुक्काम लक्षणेचा. आणि तिथे पुन्हा आपलं शहर. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि या शहराची चालच बदलली. भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी इथे तयार झाली. १९८९ मध्ये 'हमारा बजाज' ही दूरदर्शनवरची प्रसिद्ध मोहीम आली. त्यातलं शस्त्र बघा, एक साधं सर्वनाम! स्कूटरच्या ताकदीबद्दल, किमतीबद्दल काही नाही. फक्त 'आमचा'. कंपनी भागधारकांची असते, देशाची नसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे सरळ अर्थ लागू होत नव्हता. म्हणून ऐकणाऱ्यानं जवळचा अर्थ घेतला, बजाज म्हणजे आमच्यासारख्या कष्टाळू माणसांचा देश. शुद्ध लक्षणा. पण वाळूजच्या शिफ्टवरून सुटून बजाजनगरच्या खोलीवर जाणाऱ्या कामगारानं तेच शब्द ऐकले, तेव्हा त्याच्यापुरती ती अभिधा होती. त्याचा बजाज खरंच त्याचा होता, पगार तिथून येत होता. एकच शब्द दिल्लीत अलंकार होता आणि आपल्याकडे हकीकत. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीनं स्कूटरचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांनी चेतक हे नाव विजेवरच्या स्कूटरला देऊन परत आणलं. स्कूटर गेली तरी शब्दाची पुण्याई दहा वर्षं शिल्लक होती. आपले व्यापारी याला पत म्हणतात.

हे लक्षणेचं साजरं रूप झालं. आता दुसरं.

माझे मामा पैठण तालुक्यातले. तिसरीपर्यंत शिकलेले, कोरडवाहू शेती, स्वभावानं हसरे. तोंडात कायम पुडी. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली. तंबाखूच्या जाहिरातीवर तर २००३ च्या कायद्यानं आधीच बंदी होती. मी त्यांना म्हटलं, "मामा, आता तरी सोडा. सरकारनं बंद केला." मामांनी रस्त्याकडेच्या फलकाकडे बोट केलं. "बंद झाला म्हणतोस, मग तो काय लावलाय एवढा मोठा?"

फलकावर वेलची होती. खरंच, चांदीच्या वर्खातली वेलची. नाव तेच, अक्षरांचं वळण तेच, रंग तेच, वस्तू तेवढी वेगळी. मामांनी वेलची क्षणभरसुद्धा पाहिली नाही. त्यांना पुडी दिसली.

शास्त्रात लक्षणेच्या तीन अटी आहेत. अकराव्या शतकात मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त त्या नेमक्या मांडल्या आहेत. पहिली, मुख्यार्थाला बाध यावा. इथे कायद्यानं आणला, पुडीचं नाव घ्यायचं नाही. दुसरी, दुसऱ्या वस्तूचा मुख्यार्थाशी संबंध असावा. इथे नाव आणि रंग यांचा संबंध आहे. तिसरी, त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावं. प्रयोजन काय, ते सांगायला नकोच. दारूच्या नावाचा सोडा, दारूच्या नावाच्या गाण्यांच्या सीडी, गुटख्याच्या नावाची वेलची, सगळ्यांचा सांगाडा हाच. मम्मटाला कुणी हा फलक दाखवला असता, तर त्यानं तो उदाहरण म्हणून ग्रंथात घेतला असता.

कायद्यानं त्या फलकावरचा वाच्यार्थ वाचला, वेलची. मामांनी लक्ष्यार्थ वाचला, पुडी. मला आजही टोचतं ते हे, की दोघांपैकी बरोबर वाचलं होतं मामांनी. तिसरी शिकलेल्या माणसाला जाहिरात पूर्ण कळली होती, आणि शिकलेल्या यंत्रणेला कळूनही कळत नव्हती. दोन-अडीच वर्षांनी मामांचं तोंड उघडेनासं झालं. भाकरी कुस्करून दुधात घालावी लागायची. आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथल्या बाकांवर मी त्यांच्यासोबत बसलोय. शेजारी बसलेले बहुतेक धोतर-टोपीवाले, आणि थोडी पंचविशीतली मुलं. तिथे बसल्यावर अलंकार हा शब्द तोंडातून निघत नाही.

२०१९ मध्ये नवा ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण झालं आणि जून २०२२ मध्ये त्यानं मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा आडून केलेल्या जाहिरातीची व्याख्या करून तिला मनाई केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड कायद्यातच आहे. चांगलं झालं. पण लक्षणेची व्याख्या अकराव्या शतकात ग्रंथात आली आणि ग्राहकाच्या कायद्यात यायला २०२२ उजाडावं लागलं. मामा तोवर थांबले नाहीत.

तिसरा मुक्काम

व्यंजनेचा मुक्काम सगळ्यात अवघड. इथे वाक्यात खोटं काहीच नसतं. गाथेतली बाई आठवा, खुशाल फिरा एवढंच ती म्हणाली होती.

१९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली. तिच्या जाहिरातींची गोष्ट साधारण ठरलेली. मुलगी सावळी असते, उदास असते, मग उजळते आणि तिला नोकरी, नवरा किंवा मान मिळतो. सावळ्या मुलीला मान मिळत नाही, असं वाक्य उच्चारायची गरजच नव्हती. ते बघणाऱ्याच्या मनात तयार होतं. २०१४ मध्ये मानक परिषदेनं नियम केला की त्वचेच्या रंगावरून कुणाला कमी लेखणारी जाहिरात करू नये. २०२० मध्ये कंपनीनं नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. अभिधा बदलली. व्यंग्यार्थ बदलला का? तो बदलायचा तर आपल्याच वधू-वर सूचक जाहिराती उघडाव्या लागतील. गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष. हे कुठल्या कंपनीनं लिहिलं नाही, आपण लिहिलं. त्या मलमाच्या जाहिरातीला व्यंजना पुरवणारा कच्चा माल आपल्या घरातून गेला होता.

अजून जवळचं घ्या. समृद्धी महामार्ग झाला आणि आपल्या भागात प्लॉटच्या जाहिरातींना ऊत आला. 'समृद्धीलगत'. हा श्लेष आहे, रस्त्याचंही नाव आणि भरभराटीचंही. प्लॉट रस्त्यालगत असेल तर वाक्य खरं आहे. पण रस्त्यावर चढायची जागा किती लांब आहे, ते त्यात नाही. माणूस मात्र भाव दुप्पट होणार असं वाचतो आणि शेत विकून आलेला पैसा तिकडे टाकतो. इथे कायदा थोडा पुढे आलाय. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. पण विधान! वाक्यात नसलेल्या, तुमच्या मनात उमटलेल्या भावाची भरपाई कोण देणार?

आनंदवर्धन सांगतो की व्यंग्यार्थ कळायला सहृदय लागतो. म्हणजे व्यंजनेचा अर्धा धागा ऐकणाऱ्याच्या हातात असतो. जाहिरात बोट दाखवते, वाक्य आपण पुरं करतो, आपल्या भीतीनं, हावेनं, लाजेनं. म्हणून या मुक्कामावर कायदा पूर्णपणे पोचेल असं मला वाटत नाही. पोचू नये, असंही कधी वाटतं. कारण सूचित अर्थासाठी शिक्षा द्यायला लागलो, तर उद्या कवी आणि भारूड म्हणणाराही सापडेल.

मग उरतं काय? उरतो वाचणारा. अलंकार आणि शब्दशक्ती हे आपण शाळेत दोन मार्कांसाठी शिकवतो. उदाहरण ओळखा, नाव लिहा. माझं म्हणणं एवढंच की हा धडा कवितेच्या शेवटी आहे तसाच बाजाराच्या सुरुवातीला लागतो. गोदाकाठच्या त्या बुवाला व्यंजना कळली नसती, तर तो सिंहाच्या तोंडी गेला असता.

आणि सुरुवातीचा तवा. निर्लेप शब्दाखाली लेप आहे, हे कळल्यावर डोसा काही चिकटायला लागत नाही. तवा वापरा. फक्त शब्दावर लेप कशाचा दिलाय, तेवढं उजेडात धरून बघत जा.

प्रश्नोत्तरांतून

*सर, चांगल्या कामासाठी हेच अलंकार वापरले तर?*

जरूर वापरावेत, वापरलेही आहेत. पोलिओच्या लशीची मोहीम आठवा. दोन थेंबांना आयुष्य म्हटलं होतं. हा अलंकारच. पण मी एक साधी कसोटी लावतो. अलंकार बाजूला काढा आणि खाली काय उरतं ते बघा. तिथे लस उरते, बूथ उरतो, रविवारची तारीख उरते. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. किर्लोस्करांच्या माहितीपत्रकातला अलंकार काढला तर नांगर उरतो. वेलचीच्या फलकावरचा अलंकार काढला तर काय उरतं, ते तुम्ही सांगा.

*आमची मुलं टीव्ही बघत नाहीत, मोबाइलवर बघतात. तिथे जाहिरात कुठली आणि गप्पा कुठल्या, तेच कळत नाही. काय करायचं?*

ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. दवंडीवाला समोर होता, छापील जाहिरातवाला दिसेनासा झाला, आणि आता तो मित्राच्या रूपात परत आलाय. तो समोर आहे असं वाटतं, पण त्याच्या दारात जाता येत नाही. २०२१ पासून मानक परिषदेचा नियम आहे की पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक करत असाल, तर ही जाहिरात आहे असं स्पष्ट लिहा. २०२२ च्या तत्त्वांत आणखी एक चांगली अट आहे. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत आणि तेवढ्याच अक्षरात. म्हणजे दावा ठसठशीत मराठीत आणि अटी इंग्रजीत मुंगीएवढ्या, हे चालत नाही. दिसलं तर तक्रार करा. आणि मुलांसोबत एक खेळ खेळा. व्हिडिओ संपला की विचारा, यानं काय सांगितलं? मग विचारा, तुला काय वाटलं? या दोन उत्तरांत जेवढं अंतर, तेवढी व्यंजना. आठ वर्षांचं मूलही ते अंतर दाखवतं, फक्त आपण विचारलं पाहिजे.